कडेचा हातभर अंधार

३ नोव्हेंबर, सोमवार

पोहे झाले, दोन चहा झाले, तरी कालची गोष्ट डोक्यातून जात नाही. तालमीत मोरूभाऊनं मागच्या वर्षीच्या स्पर्धेतला परीक्षकांचा कागद पुन्हा काढला. नाटक त्याचं, दिग्दर्शन त्याचं, पण वाचता वाचता थांबला तो नेमका माझ्याच ओळीवर. 'प्रकाशयोजना मंद. पात्रांचे चेहरे दिसत नाहीत.' सगळे हसले. मीही हसलो. खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरीची सगळी वर्षं काढली मी, आणि माझ्याच मंडळाच्या दिव्यांत जीव नाही म्हणे!

खोटं नव्हतं, म्हणून जास्त झोंबलं. आपले एलईडी पार, मंचावर टांगायचे ते डब्यासारखे दिवे, म्हणजे दुसऱ्या एका मंडळानं काढून टाकलेला माल, आपण हौसेनं उचलून आणलेला. समोरचे चार तर आता देवापुढच्या समईएवढेच उरलेत.

ताईनं भर घातली. "मले समोरच्याचं तोंडच दिसत नाही गा दिवाकर. आवाजावर बोलून राहिली मी." ताई म्हणजे माझी मोठी बहीण, कुंदाताई. वय अडुसष्ट. घरात जाड चष्मा, मंचावर नाही. नाटकात ती विणकराची म्हातारी आई. "आपल्या आजीले होता का चष्मा?" असं विचारते आणि चष्मा डबीत ठेवून देते.

मोरूभाऊ म्हणाला, यंदा लाइट भाड्यानं आणू. कशाला? मी मेलो का?

७ नोव्हेंबर, शुक्रवार

बर्डीच्या बाजारात जाऊन आलो. इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत दोन तास. समोरच्या चारही पारमधली बारक्या दिव्यांची जुनी प्लेट काढायची आणि प्रत्येकात एकच मोठी एलईडी बसवायची. पिवळसर पांढरा उजेड, चेहऱ्याला बरा. त्यासोबत वीज बेतानं पुरवणारा नवा ड्रायव्हर, उष्णता ओढून घेणारा जाड हीट सिंक, मोठा पंखा, नवी काच. दुकानदार म्हणाला, "काका, इससे तो क्रिकेट का मैदान दिखेगा." मनात म्हटलं, बाबा, मला एक कागद लिहिणारा परीक्षक दिसला तरी पुरे.

दुपारी पहिला पार खोलला. आत धूळ, दोन मेलेले किडे, पेस्ट वाळून पापडी झालेली. उष्णता बाहेर जायला वाटच नाही. मंद होणार नाही तर काय?

१० नोव्हेंबर, सोमवार

पहिली एलईडी जाळली. घाई माझीच. हीट सिंकला पेस्ट नीट पसरली नव्हती, चालू करून ठेवलं आणि फोन घ्यायला गेलो. परत आलो तर वास. शोभा स्वयंपाकघरातून, "अहो, काय जळून राहिलं?" म्हटलं, काही नाही, शिकतोय. "देवघरातला बल्ब महिन्यापासून गेलेला आहे. तो बदलायलाही शिकावं लागते का?" बायकोचं बरोबर आहे. तरी पुढची एलईडी उचलली.

दुसरी नीट बसली. भिंतीवर पाडून पाहिली. जुन्या पारच्या शेजारी लावली तर जुना चालू आहे हेच कळेना. एकटाच हसलो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

चारही तयार. एक अडचण. नवी काच बोटभर पुढे येते, त्यामुळे उजेड अडवायच्या झडपांची चौकट बसत नाही.

झडपा माझ्या जुन्या. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून, काळा रंग मारून केलेल्या. तीसेक वर्षांपूर्वी कॉलनीच्या गणपतीत ताई नाटकात चालता चालता मंचाच्या अगदी कडेवर आली होती, एक पाय हवेत. तेव्हापासूनचा आमचा नियम. समोरचा उजेड झडपांनी असा कापायचा की कडेच्या हातभर आधी तो संपला पाहिजे. ताई चष्म्याशिवाय चालते ती उजेडावर. उजेड संपला की थांबायचं, पुढे हातभर अंधार आणि मग कडा.

आणि तो हातभर मी मोजतो. प्रत्येक प्रयोगाआधी मंचावर पालथा पडतो, कोपर कडेला लावतो, मधलं बोट जिथं पोचेल तिथं उजेड संपायला हवा. बाबा लुगडं मोजायचे ते असंच, कोपरापासून बोटापर्यंत. उमरेडच्या घरी माग होता तेव्हा ताई सुताच्या कांड्या भरायची आणि मी बाजूला बसून बाबांचे हात मोजायचो. मंचावर मोजून झालं की ताई विंगेतून विचारते, "मोजलं का गा?" मी म्हणतो, "झालं." मगच ती केसाला पांढरी पावडर लावायला बसते. मंडळातले नवे लोक हसतात. हसू देत.

नव्या चौकटी कराव्या लागतील. पत्रा आणून ठेवला आहे. स्पर्धेचा प्रयोग बावीसला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सभागृहात रंगीत तालीम. दिवे लावले आणि मोरूभाऊ खुर्चीतून उठून उभाच राहिला. "दिवाकर! अरे बाप्पा! काय केलं हे?" गळ्यात पडला माझ्या. मंचावरच्या मागाचा एकेक धागा दिसत होता. ताईच्या चेहऱ्यावरची एकेक सुरकुती. उजेड एवढा की पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांचे नंबर वाचता येतात!

ताई म्हणाली, "डोळे दिपून राहिले गा जरा." म्हटलं, सवय होईल. "समोरच्याचं तोंड दिसलं का पण?" "दिसलं. म्हातारा झाला तो," म्हणाली, आणि हसली.

पंख्यांचा आवाज येतो. मोरूभाऊला तोसुद्धा चालतो म्हणे.

चौकटींचं राहिलं. पत्रा कापायचा म्हणजे एक अख्खा दिवस जाईल आणि अजून रंगीत कागद लावायचे आहेत, वायरी बांधायच्या आहेत.

२२ नोव्हेंबर, शनिवार, सकाळी

आज सं. सहाला प्रयोग. शोभा गांधीबागेतून विंगांसाठी काळं कापड घेऊन आली, ते सकाळीच पोचवलं. झडपा पिशवीत टाकल्या आहेत. तारेनं बांधता आल्या तर पाहू.

शर्ट इस्त्रीचा काढला. लाइटवाल्याला कोण पाहतं? तरी काढला.

२४ नोव्हेंबर, सोमवार. धंतोली, हॉस्पिटलचं बाकडं

वही सोबत आणली कारण इथं हातांना काही काम नाही.

ताई पडली. शेवटच्या प्रवेशात. हातात विणायचा धोटा घेऊन मागापासून पुढे येते, कडेपाशी थांबते, काही बोलत नाही, आणि मी उजेड हळूहळू ओढून घेतो. तिथं. ती थांबली नाही. चार फूट खाली, पहिल्या रांगेच्या पायाशी. खुब्याचं हाड मोडलं. उद्या ऑपरेशन.

मी मागे, प्रेक्षकांच्या पाठीमागे, दिव्यांच्या बोर्डवर. सगळं पाहिलं. जास्त लिहवत नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

ऑपरेशन झालं. डॉ. म्हणतात चांगलं झालं. बेडभोवती माणसं. यवतमाळचे एक आजोबा शेजारच्या बेडवर, त्यांचे चार नातेवाईक, आमचं निम्मं मंडळ. प्रत्येकजण तेच बोलतो. वय झालं. या वयात नाटक कशाला. डोळ्यांचं ऑपरेशन आधीच करून घ्यायला हवं होतं.

ताई छताकडे पाहत होती. मला म्हणाली, "माह्यावर विश्वास ठेवला साऱ्यांनी, आणि माहेच डोळे मेले. उजेड संपलेला मले दिसलाच नाही गा."

मी तिचा हात धरून बसलो.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

इथं तरी खरं लिहावं. या वहीला कोण विचारतंय?

उजेड संपलेला तिला दिसला नाही, कारण तो संपलाच नव्हता. झडपा पिशवीतच राहिल्या. तारेनं बांधायचा प्रयत्न केला, गरम काचेला तार लागली, सोडून दिलं. नव्या काचेतून उजेड पसरला तो कडेवरून खाली, पहिल्या रांगेपर्यंत. खुर्च्यांचे नंबर वाचता येतात, असं मीच अठरा तारखेला लिहिलं आहे, उद्गारचिन्हासकट. दहा वेळा वाचलं ते वाक्य. तो उजेड बघून मी खूश झालो होतो. माझ्यासारखा मूर्ख मीच.

आणि हे एवढंच असतं तरी विसरलो म्हणता आलं असतं. विसरलो नाही. प्रयोगाआधी दुसऱ्या मंडळाचे दोन लाइटवाले बोर्डपाशी आले होते. कसं केलं, कुठली एलईडी, ड्रायव्हर किती करंटचा. मी सांगत होतो, रंगात आलो होतो. तेवढ्यात ताईनं विंगेतून मोठ्यानं विचारलं, "मोजलं का गा दिवाकर?"

मी म्हटलं, "झालं."

मोजलं नव्हतं. त्या दोघांसमोर इस्त्रीच्या शर्टात मंचावर पालथं पडायची लाज वाटली मला.

आणखी एक. ती जुन्या उजेडाच्या हद्दीपाशी आली तेव्हा मला मागून कळलं होतं. दोन पावलं आधी कळलं होतं. ओरडायला हवं होतं. चालू नाटकात कसं ओरडायचं, असा विचार आला, आणि तेवढ्यात.

३ डिसेंबर, बुधवार

ताईला आमच्या घरी आणलं. तिचं घर दुसऱ्या मजल्यावर, जिना चढणं शक्यच नाही. पुढच्या खोलीत तिचा पलंग टाकला. शोभानं सगळं केलं. थंडी पडली आहे, ताई दुपारी दारातल्या उन्हात बसते.

मी मागच्या अंगणात पत्रा कापला. चारही चौकटी केल्या, झडपा बसवल्या, काळा रंग मारला. एका दिवसाचं काम होतं म्हणायचो, दोन तासांत झालं. का केल्या आता? कोणी उद्या दिवे पाहायला मागितले तर झडपा असाव्यात म्हणून. हे लिहिताना माझाच मला राग येतोय.

७ डिसेंबर, रविवार

निकाल लागला. नाटकाला काही नाही. प्रकाशयोजनेला पहिलं.

मोरूभाऊ पेढे घेऊन आला. सगळ्यांत जास्त आनंद ताईला. पलंगावर उठून बसली. "माह्या भावाले पहिलं आलं वं शोभा! बाबा पाहाले पाहिजे होते." सर्टिफिकेट तिनं आपल्या खोलीत ठेवायला लावलं, उशाशी, डोळ्यांसमोर. मोरूभाऊ म्हणाला, "एवढ्या वर्षांची मेहनत फळाले आली गा."

पेढा गिळला. मागच्या अंगणात जाऊन चूळ भरली.

१२ डिसेंबर, शुक्रवार

व्यायाम शिकवायला एक मॅडम येतात. हाड छान जुळतंय, आता वॉकर घेऊन घरभर फिरा, म्हणतात. ताई फिरत नाही. उंबरठ्यापाशी जाते आणि उभी राहते. फरशी कुठं संपते, पायरी कुठं लागते, काही भरवसा नाही म्हणते. रात्री बाथरूमला एकटी जात नाही, शोभाला हाक मारते.

डोळ्यांचे डॉ. पाहून गेले. मोतीबिंदू आहे, पण फार नाही, चष्म्यानं चांगलं दिसतं, सवडीनं ऑपरेशन करू. ताईला ते पटलं नाही. "चांगलं दिसत असतं तर मी पडली असती का?" डॉक्टरांनी बॅग उचलली. उत्तर माझ्याजवळ होतं. मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेलो.

१६ डिसेंबर, मंगळवार

मोरूभाऊ आला. फेब्रुवारीत उमरेडला प्रयोग ठरलाय. विणकरांच्या वस्तीजवळच. ताईनं गेली दोन वर्षं हाच हट्ट धरला होता. आपल्या गावात, आपल्या माणसांपुढं, आपल्या घरची गोष्ट. फेब्रुवारीपर्यंत ती चालेल, हळूच चालेल, म्हातारीच तर आहे नाटकात, असं मोरूभाऊ स्वतः म्हणत होता.

ताई म्हणाली, "दुसरी पाहून घे मोरूभाऊ. आता मी नाही. गावासमोर पडून दाखवू का?"

नाटकाचं लुगडं, धोटा, पांढऱ्या पावडरची डबी, सगळं त्याच्या हाती दिलं. तो घेईना, तिनं पिशवीत कोंबलं. तो गेल्यावर भिंतीकडे तोंड करून झोपली. दुपारचं जेवली नाही.

मी बोललो तर ती चालेल. हे मला पक्कं माहीत आहे. डोळ्यांनी दगा दिला नाही एवढं कळायची खोटी आहे. आणि मी बोललो तर... लहानपणापासून तिनं माझ्यावर जो भरवसा टाकला तो संपेल. बाबा गेले तेव्हा मी आठवीत. तिनं स्वतःचं शिक्षण सोडून शिवणकाम घेतलं आणि मला आयटीआय करवलं. अशा माणसाला काय सांगायचं? तुला विचारलं तेव्हा खोटं बोललो?

२१ डिसेंबर, रविवार

आज सांगणार होतो. चहा घेऊन तिच्या खोलीत गेलो. सर्टिफिकेट समोरच. ती म्हणाली, "बस गा. तुह्या तोंडाकडे पाहिलं की बरं वाटते." चहा पिऊन बाहेर आलो.

शोभाला सांगितलं. ती भाजी निवडत होती. हातातली जुडी संपवली. मग म्हणाली, "मी रोज रात्री तीनदा उठते त्यांच्यासाठी. त्याचं काही नाही. पण त्या दर वेळी माझी माफी मागतात. तुम्ही ऐकता ते?"

ऐकतो.

२५ डिसेंबर, गुरुवार

सांगितलं.

दारात उन्हात बसलो होतो दोघं. ती संत्रं सोलत होती. मी सुरुवात झडपांपासून केली, चौकटी कशा बसल्या नाहीत वगैरे. ती म्हणाली, "मले ते पत्र्या-चौकटीचं नको सांगू गा. काय म्हणायचं ते म्हण." मग म्हटलं. त्या दिवशी मोजलं नव्हतं, ताई. उजेड कडेच्या पार खाली गेला होता. तुझ्या डोळ्यांचं काही चुकलं नाही. तू उजेड संपेपर्यंतच चालली.

तिचे हात थांबले.

"मी विचारलं होतं तुले."

"हो."

"झालं म्हणाला तू."

"हो."

"काहून?"

खरं तेच सांगितलं. दोन लाइटवाले उभे होते, इस्त्रीचा शर्ट होता. हे तोंडातून बाहेर पडताना किती क्षुल्लक वाटलं, काय सांगू. तिच्या हाडाची किंमत एक शर्ट.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली, "महिनाभर मी माह्या डोळ्याले शिव्या देऊन राहिली. बाथरूमले जायले भीत होती. शोभाची झोप मोडून राहिली. अन् तू रोज सकाळी माह्यासमोर पेपर वाचत बसत होता." मग, "कडेवर आली तवा पाहिलं का तू मले?"

"पाहिलं."

संत्रं तसंच ताटलीत ठेवलं. अर्धं सोललेलं. शोभाला हाक मारून आत गेली.

२६ डिसेंबर, शुक्रवार

पहाटे आवाज आला म्हणून उठलो. ताई बाथरूममधून परत येत होती. एकटी, वॉकर घेऊन, चष्मा लावून. शोभाला हाक मारलीच नव्हती. उंबरठा ओलांडला. माझ्याकडे पाहिलं नाही.

दुपारी सर्टिफिकेट माझ्या पेपरखाली सापडलं. तिच्या खोलीतून बाहेर आलंय.

३० डिसेंबर, मंगळवार

पाच दिवस एक शब्द नाही. शोभाशी बोलते, व्यायामाच्या मॅडमशी बोलते, फाटकापर्यंत जाते, भाजीवाल्याशी भाव करते. मी समोर आलो की गप्प. चालायला लागली याचा आनंद आहे, खरंच आहे. पण घरात मी आहे असं तिला वाटतच नाही, आणि ते मला सोसवत नाही. ताईनं अबोला धरला तो आयुष्यात एकदाच, मी आठवीत विडी ओढताना सापडलो तेव्हा. तोही एकच दिवस.

मोरूभाऊकडे जाऊन त्यालाही सांगितलं. बक्षीस परत करतो म्हटलं. तो डोकं धरून बसला. "आता काहून बोलला गा तू? मंडळाचं काय?" मग थोड्या वेळानं, "ताईले सांगितलं का?" हो. "मग ठीक." परत करण्याचं पत्र लिहून त्याच्याकडे दिलं. तो पाठवतो की नाही, त्याचं तो बघेल.

४ जानेवारी, रविवार

ताईनं मोरूभाऊला फोन केला. मी खोलीबाहेर होतो. "लुगडं दिलं का कोणाले? नाही ना? ठेव मग." एवढंच ऐकू आलं.

रात्रीच्या जेवणाला शोभा म्हणाली, "ताई विचारून राहिल्या, दिवे कुठं आहेत." समोरच बसली होती ताई. मी म्हटलं, मागच्या खोलीत. शोभानं तेच पुन्हा ताईला सांगितलं. हसू आलं असतं एरवी.

९ जानेवारी, शुक्रवार

शोभामार्फत हुकूम. रविवारी आमच्या तालमी होतात त्या शाळेत दोन दिवे टांगायचे. झडपांसकट. मोरूभाऊनं किल्ली मागून ठेवली आहे. बस्स, बाकी काही नाही.

दिवे पुसले. झडपांच्या बिजागऱ्यांना तेल लावलं. देवघरातला बल्ब बदलला.

१२ जानेवारी, सोमवार

कालचं लिहितो. नीट लिहायचं आहे, म्हणून काल लिहिलं नाही.

शाळेच्या हॉलमध्ये मंच नाही, सपाट फरशी. मोरूभाऊनं चुन्याची आडवी रेघ मारली, हीच कडा. पडायला खाली काहीच नाही. तरी ताई रेघ पाहून जरा थबकली. खिडक्यांवर सतरंज्या बांधून अंधार केला. मी दिवे टांगले, झडपा ओढल्या. उजेड छान कापला गेला. जुन्या दिव्यांपेक्षा कितीतरी स्वच्छ. हे तेव्हाही करता आलं असतं.

ताई मागे, सहा पावलांवर, वॉकर धरून, बाजूला शोभा. चष्मा काढून मोरूभाऊजवळ दिला.

मी पालथा पडलो. कोपर रेघेला लावलं. बोट उजेडाच्या कडेला टेकलं. उठायला लागलो तर ती बोलली, सतरा दिवसांनी.

"पुन्हा मोज."

पुन्हा मोजलं.

"त्या कोपऱ्यात मोज."

मोजलं. साठी उलटलेला माणूस, पोटावर सरपटत. फरशी थंडगार. मोरूभाऊ दुसरीकडे पाहत होता. मला लाज वाटली नाही. नोव्हेंबरात वाटली होती, तेवढीच पुरे आहे.

उठून अंधारात रेघेबाहेर उभा राहिलो. ती विचारेल असं वाटलं, पण विचारेना. खूप वेळ. मग तिनं विचारलंच.

"मोजलं का गा?"

तोच शब्द म्हणायचा होता, दुसरा शब्द आमच्यात नाही. म्हटलं, "झालं."

ती उजेडाकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती. चष्म्याशिवाय मी तिला किती दिसलो असेन कोणास ठाऊक. वॉकर सोडला. मोरूभाऊ पुढे झाला, तिनं हातानंच अडवलं. एक पाऊल. दुसरं. धोटा धरायची तशी मूठ आवळलेली. तिसरं. चौथं. उजेड अजून दोन पावलं बाकी होता, मोजलेला, पक्का. ती थांबली.

"चाल वं ताई," माझ्या तोंडून निघून गेलं. "आहे अजून उजेड."

"दिसते मले," ती म्हणाली. "डोळे चांगले आहेत माहे."

आणि वळली. मोरूभाऊनं वॉकर पुढे केला. ताईनं चष्मा लावला, घाम पुसला, चहा मागितला. येताना ऑटोत शोभाच्या बाजूला बसली. उमरेडचं काही बोलली नाही. पुढच्या रविवारी येणार का, हेही मोरूभाऊनं विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

मी दिवे काढले नाहीत. शाळेच्या शिपायाला सांगून आलो, झाडू मारताना ती चुन्याची रेघ तेवढी पुसू नका.